गॅलरीत उभा असलेला माणूस

मंडळी, सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी चित्रकलेतला दर्दी वगैरे अजिबात नाही. शाळेत असताना एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलो होतो, 'क' श्रेणी मिळाली, आणि तेव्हापासून ब्रश नावाची वस्तू फक्त सकाळी दातांसाठी हातात धरतो. त्यामुळे आजच्या लेखात कुणा जाणकाराला चूक सापडली तर त्याने ती खुशाल दाखवावी. पण गेले काही दिवस एक गोष्ट डोक्यात घुमतेय, आणि लिहिल्याशिवाय ती जाईल असं वाटत नाही.

झालं असं, की एका शुक्रवारी आमचा नेहमीचा रात्रीचा कॉल चक्क वीस मिनिटं आधी संपला. (सॉफ्टवेअरवाल्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.) तिकडे अटलांटाहून आमच्याबरोबर काम करणारी एक मुलगी आहे. कृष्णवर्णीय, बोलायला मोकळीढाकळी, आणि तिच्या कोडमध्ये चूक सापडणं म्हणजे दुर्मीळ योग. कुणीतरी तिला सहज विचारलं, "मग वीकेंडला काय?" तर म्हणाली, "पेंटिंग." आणि कॅमेरा वळवून मागच्या भिंतीला टेकवलेला एक लाकडी फळा दाखवला.

मी बघतच राहिलो. रंग होते, पण नुसते रंग नव्हते. जुन्या मासिकांची कात्रणं होती, आजीच्या झग्याची लेस होती, केसांत ओवतात ते मणी होते. मधोमध दोन कृष्णवर्णीय बायकांचे चेहरे, एकमेकींना टेकलेले, आणि भोवती सोनेरी कागदाची प्रभावळ. आपल्याकडे देवांच्या तसबिरीत असते ना, अगदी तशीच. "ही मी, आणि ही माझी पार्टनर," ती म्हणाली. कुठल्या आर्ट स्कूलला गेली नाही, कुणी शिकवलं नाही, चुकत चुकत शिकली. मग तिने साधा प्रश्न विचारला, "तुमच्याकडे असं काम कोण करतं?"

मी म्हणालो, "हो, आहेत ना, बरेच आहेत." आणि विषय बदलला. खरं सांगायचं तर एकही नाव आठवत नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ती कॉलवरून गेली आणि आमच्या इकडची चौकडी मागे उरली. एक जण म्हणाला, "चित्र भारीय यार, पण हे सगळं सांगायची काय गरज? मी ब्लॅक, मी लेस्बियन... अरे, नुसतं चित्र काढ ना!" बाकीचे हसले. मीही हसलो, मानही डोलावली. ऐरोलीहून घरी येताना गाडीत मोबाइल वाजला. त्याच कॉलवर असलेला, पण त्या वेळी एक शब्दही न बोललेला आमच्याच टीममधला एक मित्र. दोनच शब्द होते. "तू पण?"

हा लेख म्हणजे त्या दोन प्रश्नांची उत्तरं आहेत. एक तिचा, एक त्याचा. (त्याला विचारूनच लिहितोय. त्याने वाचून दोन वाक्यं उडवली, तीही उडवली.)

आधी तिचा प्रश्न. आपल्याकडे कोण?

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. हार्बर लाइन पकडून सीएसएमटीला उतरा, तिथून गिरगावच्या दिशेने चालत सुटा, की वाटेत खेतवाडी लागते. तिथल्या एका गुजराती कुटुंबात १० मार्च १९३४ ला एक मुलगा जन्मला. चार भावंडांत सगळ्यात धाकटा. वडील गेले तेव्हा हा चार वर्षांचा. पुढे घरातला पहिला पदवीधर झाला, मुंबई विद्यापीठ, सिडनहॅम कॉलेज, आणि मग चार्टर्ड अकाउंटंट. घरच्यांना वाटलं असणार, गंगेत घोडं न्हालं. आणि या पठ्ठ्याने काय करावं? १९६२ मध्ये मुंबई सोडून बडोदा गाठलं, का तर म्हणे चित्रं काढायची आहेत. मित्र गुलाम मोहम्मद शेख बडोद्यात होता, त्याने 'ये इकडे' म्हटलं आणि हा गेला. तिथल्या ललित कला महाविद्यालयात याने प्रवेश घेतला तोही चित्रकलेला नाही, कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमाला! चित्रकलेची पदवी त्याने कधी घेतलीच नाही.

नाव भूपेन खक्कर. आपल्यातल्या पुष्कळांनी ऐकलं नसेल, मीही नीट ऐकलं नव्हतं. १९८४ मध्ये पद्मश्री, २००२ मध्ये माद्रिदच्या राइना सोफिया संग्रहालयात मोठं प्रदर्शन, ८ ऑगस्ट २००३ ला बडोद्यात निधन, आणि २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये पुन्हा सगळ्या आयुष्याचा आढावा घेणारं प्रदर्शन. हे झालं बायोडेटापुरतं.

मला जास्त भावलं ते पुढचं. हा माणूस कितीतरी वर्षं बडोद्यातल्या एका कारखान्यात अर्धवेळ हिशेब बघत होता. दिवसाचा एक भाग जमाखर्चाला, उरलेला चित्रांना. 'नोकरी सोडून पॅशनच्या मागे धाव' असं आपल्याला रोज कुणी ना कुणी सांगत असतं. खक्करने नोकरीच्या जिवावर चित्रं काढली आणि त्यामुळे चित्र विकलं जाईल की नाही याची फिकीर त्याला करावी लागली नाही. असाच दुसरा माणूस आपल्या शेजारीच ठाण्यात. सुधीर पटवर्धन, पुण्यात जन्मलेले, २००५ पर्यंत रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलेले, चित्रकलेत तेही स्वयंशिक्षित. १९८१ मध्ये 'प्लेस फॉर पीपल' नावाचं सहा चित्रकारांचं गाजलेलं प्रदर्शन झालं, त्यात हे दोघंही होते. एक हिशेबनीस, एक एक्स-रे बघणारा डॉक्टर. आता बोला!

पण तिच्या प्रश्नात नुसतं 'स्वतः शिकलेला' एवढंच नव्हतं. सामानसुमानाचाही भाग होता. कात्रणं, लेस, मणी, सोनेरी कागद. याला 'मिक्स्ड मीडिया' म्हणतात, आणि ऐकताना ते काहीतरी फॅशनेबल वाटतं. मला मात्र तो फळा बघून आजीची गोधडी आठवली. फाटलेलं धोतर, विटलेलं लुगडं, कुणाच्या तरी बाळंतपणातलं दुपटं, असं घरात होतं-नव्हतं ते सगळं एकत्र शिवायचं. नवं कापड परवडत नाही म्हणून शिवलेली, पण शिवून झाल्यावर तिच्यात अख्खं घर आलेलं असतं. आणि ऊब नव्या ब्लँकेटपेक्षा जास्त.

खक्करची सुरुवात अशीच झाली. १९६५ च्या सुमाराला तो बाजारात मिळणाऱ्या देवादिकांच्या छापील तसबिरी आणायचा, कापायचा, चिकटवायचा आणि त्यावर रंगांचे फराटे मारायचा. त्या काळातले आपले शिकलेले चित्रकार पॅरिस-न्यूयॉर्ककडे डोळे लावून होते. कॅलेंडरवरचा देव म्हणजे त्यांच्या दृष्टीने गावठीपणा. खक्करला ही लाज कुणी शिकवलीच नव्हती, कारण त्याला चित्रकला कुणी शिकवली नव्हती! मला वाटतं स्वयंशिक्षित असण्याचा खरा फायदा हाच असावा. काय काढायचं हे माणूस स्वतः शिकू शकतो. काय काढायचं नाही हे मात्र शाळाच शिकवते.

मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने माणसं रंगवायला घेतली. घड्याळजी, न्हावी, शिंपी. 'जनता वॉच रिपेअरिंग' हे चित्राचं नाव आहे, दुकानाची पाटी वाचल्यासारखं. पुढे प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ धरून उभा असलेला एक मध्यमवयीन गृहस्थ. ही माणसं त्याआधी आपल्या चित्रांत नव्हती असं नाही, पण असायची ती 'गरीब भारत' म्हणून किंवा 'लोकजीवन' म्हणून. खक्करचा घड्याळजी स्वतःच्या दुकानात बसलेला एक एकटा माणूस आहे, बास. चित्रकाराला त्याची कीव येत नाही आणि त्याच्याकडून काही सिद्धही करून घ्यायचं नाही.

गडी विनोदीही होता. १९७२ मधल्या एका प्रदर्शनाच्या कॅटलॉगसाठी त्याने स्वतःचेच फोटो काढून घेतले होते. एकात जेम्स बाँड, एकात मिस्टर युनिव्हर्स. समोरचा हसेपर्यंत आपण नक्की कोण आहोत हे सांगायचं टाळता येतं. ही युक्ती आमच्या त्या गप्प मित्रालाही उत्तम येते. टीममध्ये सगळ्यात जास्त जोक तोच मारतो. हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

कारण खक्कर समलिंगी होता, आणि ते त्याने वर्षानुवर्षं दडवलं होतं. इथे हेही लक्षात घ्यायला हवं, की तेव्हा कलम ३७७ जिवंत होतं, म्हणजे हा कायद्याने गुन्हा होता. १९७० च्या दशकात तो इंग्लंडला गेला, तिथे राहिला. तिथे १९६७ मध्येच कायदा बदलला होता, आणि दोन पुरुष लपूनछपून न राहता एकत्र संसार करतात हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. तरी परत आल्यावर लगेच काही झालं नाही. आई गेल्यानंतर मात्र त्याने ते चित्र काढलं.

चित्राचं नाव 'यू कान्ट प्लीज ऑल'. साल १९८१. आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली बाप, लेक आणि गाढवाची गोष्ट. बाप बसला तर लोक म्हणतात पोराला चालवतो, पोर बसलं तर म्हणतात म्हाताऱ्याला चालवतो, दोघं बसले तर गाढवाचे हाल, आणि कुणीच नाही बसलं तर दोघंही मूर्ख. ती गोष्ट चित्रात गावभर चालू आहे. तेच बापलेक, तेच गाढव, एकाच चित्रात पुन्हा पुन्हा. आणि पुढे, आपल्याकडे पाठ करून, घराच्या गॅलरीत एक माणूस उभा आहे. (आपण मुंबईवाले बाल्कनीला गॅलरीच म्हणतो, तीच ही गॅलरी.) तो उघडा आहे, अंगावर काही म्हणजे काहीच नाही. कठड्याशी उभा राहून तो शांतपणे खाली चाललेला तमाशा बघतोय.

मी हे चित्र स्क्रीनवरच पाहिलंय, मूळ चित्र लंडनला टेटच्या संग्रहात आहे. तरी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोटात काहीतरी हललं. आपलं निम्मं आयुष्य 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांवर चालतं. इंजिनीअरिंग का केलं, लग्न तिशीच्या आत का केलं, टू-बीएचके का घेतला... उत्तर तेच. आणि इथे एक सत्तेचाळिशीतला माणूस सांगतोय, की मी ती गोष्ट शेवटपर्यंत ऐकलीये, लोक काहीतरी म्हणणारच आहेत, आता मी कपडे उतरवून उभा राहतो. त्यात आरडाओरडा नाही, घोषणा नाही. पण हे चित्र म्हणजे त्याने समलिंगी असल्याची जाहीर दिलेली कबुली, असंच ते आज ओळखलं जातं.

याच वर्षी, १९८१ मध्येच, आपल्या मराठी रंगभूमीवर तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' आलं. रोहिणी हट्टंगडींनी सुमित्रा देव केली होती. एका मुलीचं दुसऱ्या मुलीवरचं प्रेम त्या काळी मराठी नाटकात दाखवणं ही छाती फक्त तेंडुलकरांची. पण त्या नाटकात मित्रा शेवटी जीव देते. मला नाटकाला नावं ठेवायची नाहीत, समाज तसाच होता आणि तेंडुलकरांनी समाज दाखवला. फक्त एक फरक लक्षात आला. मित्राची गोष्ट तिचा मित्र बापू आपल्याला सांगतो. गॅलरीतल्या माणसाची गोष्ट तो स्वतः सांगतोय, आणि स्वतः सांगताना तो जिवंत राहिलाय. दुसरा कितीही सहृदय असला तरी त्याच्या तोंडून आपली गोष्ट बहुतेक वेळा शोकांतिका होऊन बाहेर पडते. आपली आपण सांगितली तर तिच्यात जेवणखाण, चेष्टामस्करी, म्हातारपण, सगळं येऊ शकतं.

खक्करच्या पुढच्या चित्रांत ते आलं. १९८२ च्या 'टू मेन इन बनारस'मध्ये दोन नग्न पुरुष एकमेकांच्या मिठीत आहेत, त्यातला एक पांढऱ्या केसांचा. आणि मागे बनारस आपलं चालूच आहे. देवळं, पूजाअर्चा, लोकांची ये-जा. पाप आणि पुण्य असे दोन वेगळे कप्पे त्याने केलेच नाहीत. पोस्टरमधले देखणे तरुणही त्याने काढले नाहीत. त्याचे प्रेमिक म्हणजे पोट सुटलेले, टक्कल पडायला लागलेले, स्टेशनवर पंखा शोधत उभे राहतात तसले गृहस्थ. १९९८ मध्ये त्याला प्रोस्टेटचा कर्करोग झाला, तर शेवटच्या वर्षांत त्याने तेही रंगवलं. आजारी, फुटलेलं, कुरूप झालेलं शरीर. बघवत नाही, पण खोटं काही नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. 'हे सगळं सांगायची काय गरज?' या वाक्यावर मी मान डोलावली होती, आणि मित्राने विचारलं होतं, "तू पण?"

सोमवारी हापिसात गेलो आणि माझ्या टेबलाकडे जरा नीट पाहिलं. बायकोबरोबरचा महाबळेश्वरचा फोटो. लेकीने काढलेला गणपती. डेस्कटॉपवर लग्नातला फोटो. मी नवरा आहे, बाप आहे, हिंदू घरातला आहे, मराठी आहे, हे सगळं मी सकाळी नऊ ते सहा न बोलता ओरडून सांगत असतो. दिवाळीला पारंपरिक पोशाख, गुढीपाडव्याला फेटा बांधून सेल्फी. त्याला कुणी 'आयडेंटिटीचा बाऊ' म्हणत नाही. कारण माझी ओळख ही इथली डिफॉल्ट सेटिंग आहे. डिफॉल्ट सेटिंग कुणाला दिसत नाही, बदललेलीच तेवढी दिसते.

आणि माझ्या त्या मित्राचं टेबल? मॉनिटर, कीबोर्ड, पाण्याची बाटली. पाच वर्षांत एक फोटो नाही. खारघरला तो ज्याच्याबरोबर राहतो त्याला सोसायटीत 'मावसभाऊ' म्हणून ओळखतात. भाड्याने घर घेताना सेक्रेटरीकाकांनी "फॅमिली की बॅचलर?" विचारलं तेव्हा दोघांनी जे पटकन सुचलं ते सांगितलं, आणि आता ते खोटं दर सणाला नव्याने निभवावं लागतं. काका चांगले आहेत हो, कोजागिरीला दोघांनाही मसाला दूध आणून देतात. मग विचारतात, "काय मग, तुम्हा दोघा भावांची लग्नं कधी?" तो म्हणतो, "बघू काका." सांगायची गरज नाही म्हणणाऱ्यांना हे माहीतच नसतं, की न सांगण्यासाठीही रोज काम करावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की त्या चित्रातली ओळख वजा करून 'नुसतं चित्र' मागणं हे मुळातच चुकीचं गणित आहे. अटलांटाच्या त्या फळ्यावरून ती प्रभावळ काढा, आजीची लेस काढा, दोघींचे चेहरे काढा. राहिलं काय? फळा. खक्करच्या गॅलरीतून तो माणूस काढा, मग उरते ती इसापनीतीची शाळकरी गोष्ट.

इथे कुणी म्हणेल, अरे पण कृष्णवर्णीय मुलीची तुलना सिडनहॅमला शिकलेल्या सीएशी कशी करतोस? मान्य, शंभर टक्के मान्य. खक्करला लपवायची सोय तरी होती. कातडीचा रंग लपवता येत नाही आणि आपल्याकडे आडनाव लपवता येत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं आपल्याकडे जे नातं आहे ते दलित चळवळीशी. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या मंडळींनी 'दलित पँथर' काढली तेव्हा नाव घेतलं ते तिकडच्या 'ब्लॅक पँथर'वरूनच. जो शब्द खाली ढकलण्यासाठी वापरला गेला तोच उचलून छातीवर लावायचा, ही युक्ती दोन्हीकडची. 'क्वीअर' हा शब्दही आधी शिवीच होता. आणि न्यूयॉर्कचा बास्कियाही तसाच. तोही आर्ट स्कूलला गेला नव्हता, फेकलेल्या दारा-खिडक्यांवर रंगवायचा, चित्रांत फोटोकॉपीचे कागद चिकटवायचा, आणि कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्यांच्या, वादकांच्या डोक्यावर मुकुट काढायचा. ती सोनेरी प्रभावळ आणि हा मुकुट, अर्थ एकच.

जात आणि लैंगिकता दोन्हींचं ओझं एकाच माणसावर असेल तर? शब्दांत ते आपल्याकडे आलंय. भटक्या समाजातून आलेल्या, तृतीयपंथी असलेल्या कवयित्री दिशा पिंकी शेख मराठीत लिहितात आणि ठणकावून लिहितात. रंगांत असं काम करणारं कुणी माझ्या नजरेला अजून पडलेलं नाही, हा दोष माझ्या नजरेचाही असेल. पण समजा नवी मुंबईतच, घणसोलीच्या एखाद्या खोलीत, कुणी जुन्या साड्या आणि लग्नपत्रिका चिकटवत बसलं असेल, तर ते आपल्यापर्यंत पोचायच्या वाटेत 'सांगायची काय गरज' म्हणणारे आपल्यासारखेच उभे आहेत.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल भाषण ठोकलं. ओळख विकली जाते हे खरं आहे. २०१९ मध्ये लंडनच्या लिलावात ते 'टू मेन इन बनारस' सुमारे २५ लाख पौंडांना गेलं. ज्या विषयाला कायद्याने गुन्हा ठरवलं होतं, तोच भिंतीवरची गुंतवणूक झाला. आणि २०१६ च्या टेटमधल्या प्रदर्शनाची तिथल्या एका बड्या वर्तमानपत्राच्या समीक्षकाने पार सालटी काढली होती. म्हणजे विषय धाडसी म्हणून चित्र आपोआप थोर ठरत नाही, आणि ठरूही नये. कुणी वाईट चित्र काढलं तर वाईटच म्हणावं. पण वाईट म्हणायच्या आधी बघावं तरी लागतं ना! आम्ही त्या दिवशी चित्राबद्दल बोलतच नव्हतो. तिने तोंड का उघडलं, याबद्दल बोलत होतो.

आणि कायदा बदलला म्हणजे सगळं झालं असंही नाही. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलासा दिला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला परत दिला. त्या दिवशी आमच्या मित्राने सगळ्या टीमला पेढे वाटले होते. कशाचे विचारलं तर म्हणाला, "गाडीचं लोन फिटलं." आम्ही म्हटलं, "अभिनंदन!" आणि खाल्ले. २०२३ मध्ये लग्नाचा हक्क नाकारला गेला, त्या दिवशी तो रजेवर होता. आम्हाला वाटलं ताप असेल.

खक्करला गॅलरीत यायला सत्तेचाळीस वर्षं लागली. त्याच्या धाडसाबद्दल सगळे लिहितात, मला मात्र त्या सत्तेचाळीस वर्षांबद्दल वाईट वाटतं. ज्या आईसाठी तो गप्प राहिला तिला तिचा मुलगा कधी पूर्ण कळलाच नाही. जगाला चित्रं मिळाली, आईला नाही मिळालं ते. माझा मित्र आज पस्तिशीचा आहे, आई सांगलीला असते, दर रविवारी फोन करते. अजून बारा वर्षं त्याने कशाची वाट बघायची? ते ठरवणारे आपण कोणी नाही. घाई करायला सांगणारेही नाही. त्याला बोलायचं तेव्हा तो बोलेल, नाही बोलायचं तर नाही. पण तो बोलेल तेव्हा ऐकणाऱ्यांत कुणी हसू नये, एवढं तर आपल्या हातात आहे? जून महिन्यात कंपनीच्या लोगोवर सप्तरंग चढवणं सोपं असतं, ते काम डिझाइनवाले करतात. कॉलवर कुणी तसं वाक्य टाकलं, की "थांब रे, का नाही सांगायचं?" एवढं म्हणायला मात्र आपलीच जीभ उचलावी लागते. माझी त्या दिवशी उचलली नाही. त्याची माफी मी त्याच्याकडे मागितली. तो म्हणाला, "चहा पाज." पाजला.

अटलांटाला मेल टाकली. लिहिलं, की त्या दिवशी मी थाप मारली होती, नाव आठवत नव्हतं, आता सापडलंय. खाली चित्राची लिंक दिली आणि गाढवाची गोष्ट थोडक्यात सांगितली. तिचं उत्तर आलं, ही गोष्ट तिला तिच्या आजीने सांगितली होती. म्हणजे गाढव तिकडेही तेच.

आमच्या नेरूळच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी गॅलऱ्या बंद करून हॉल वाढवून घेतलेत. ग्रिल, काचा, वर पडदे. मीही घेतलाय, जागा लागते हो. काल रात्री जेवण झाल्यावर तिथे उभा होतो. समोरच्या बिल्डिंगमध्येही तसंच, एकामागे एक बंद खिडक्या, प्रत्येकीत टीव्हीचा निळा उजेड. त्यातल्या किती घरांत 'मावसभाऊ' राहत असतील कुणास ठाऊक.

असो. फार लांबलं. पुढच्या शनिवारी नेहमीसारखं काहीतरी हलकंफुलकं लिहीन म्हणतो :-)